मुरगळलेला पाय आणि मामंजींचा खांदा

हाड मोडलं असतं तर बरं झालं असतं, असं मी आजही म्हणते. मोडलेल्या हाडाला मान असतो. प्लॅस्टर घातलं की लोक नारळपाणी घेऊन येतात, प्लॅस्टरवर मुलं सह्या करतात, सासरची माणसं पाणी हातात आणून देतात. पाय नुसता मुरगळला की लोक फक्त सल्ले घेऊन येतात.

आमच्या हायस्कूलच्या शिक्षकांची सहल महाबळेश्वरला गेली होती. मी भूगोल शिकवते. उतार, चढ, समोच्च रेषा, जमिनीची धूप हे फळ्यावर काढण्यात आमच्या तालुक्यात माझा हात धरणारं कोणी नाही. तर अशी मी, स्ट्रॉबेरीच्या शेतात, दोन वाफ्यांमधल्या वीतभर उतारावर, अंथरलेल्या प्लॅस्टिकवरून घसरले. त्या वेळी मी जमिनीकडे न बघता मोबाईलच्या कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. उजवा पाय आतल्या बाजूला वळला, घोट्यात काहीतरी तटकन ताणलं आणि मी वाफ्यात बसले. शेतमालक धावत आला. त्यानं आधी स्ट्रॉबेऱ्या पाहिल्या, मग मला.

"थोडं चाला, मोकळा होईल," मुख्याध्यापक म्हणाले. ते संस्कृत शिकवतात. मी चालून पाहिलं आणि पाय काही मोकळा झाला नाही. मग बाकीच्यांनी महाबळेश्वरचे उरलेले सगळे पॉइंट पाहिले आणि मी बसमधून गाड्यांचं पार्किंग पाहिलं. परतीच्या वाटेवर साताऱ्यात एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि म्हणाले, "काही नाही. हाड शाबूत आहे, लिगामेंटला मार लागलाय. सूज उतरेपर्यंत बर्फ लावा, पाय उंच ठेवा, मग फिजिओथेरपी घ्या."

यातलं फक्त "काही नाही" एवढंच सगळ्या बसनं ऐकलं.

आमचं गाव कडेगावजवळ. घरात आम्ही तिघं: मी, नवरा आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. मुलगी पुण्याला शिकते. नवरा साखर कारखान्यात आहे आणि तेव्हा गळीत हंगाम चालू होता, त्यामुळे घरापेक्षा उसाची त्याला जास्त काळजी. त्यानं माझा पाय पाहिला, "अरे बापरे" म्हणाला, आणि चहा कधी होणार असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्याची आत्या आली. आत्याबाईंना गावात पाय चोळण्यासाठी बोलावतात. मी बर्फाची पिशवी दाखवली, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं.

"आवं बाई, लिगामेंट-बिगामेंट काय नसतंय," त्या म्हणाल्या. "शीर चढलीया. चोळली की उतरती. आन् बर्फ कशापायी? पाय काय आइस्क्रीम हाय?"

त्यांनी गरम तेल घेतलं आणि नेमक्या दुखऱ्या जागी अंगठा रोवला. मी ओरडले ते ऐकून शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. संध्याकाळपर्यंत माझा घोटा भरताच्या वांग्याएवढा झाला, रंगही तोच. आत्याबाईंनी समाधानानं मान हलवली. "बगा, आतलं समदं भायेर आलं."

शेवटी कडेगावला फिजिओथेरपीचा दवाखाना निघालाय असं कळलं. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून मला घेऊन मामंजी निघाले. मामंजी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सत्तरी ओलांडलेली, पाठ अजून सरळ, मिशी अजून वर. रिक्षात बसल्यापासून ते मला धीर देत होते. म्हणजे असं: "आमी सियाचीनला असताना पाय मुरगळला तर बुटाची लेस आवळायची आन् चालायचं. कुणाला सांगायचं बी न्हाई."

गुडघे, कंबर आणि घोटे दुखणाऱ्यांसाठी काढलेला तो दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. खाली खत-बियाण्यांचं दुकान, बाजूनं अरुंद जिना, कठडा एकाच बाजूला. जो वर पोचला तो निम्मा बरा, असा काहीतरी विचार त्यामागे असावा. मी बसून, एकेक पायरी मागे सरकत, वर गेले. वर सांगलीहून आलेली एक तरुण मुलगी होती, आमच्या मुलीपेक्षा थोडीच मोठी.

"जिन्याबद्दल माफ करा, काकू," ती म्हणाली. "खालचा गाळा मागितला होता. मालक म्हणाले, खताची पोती वर कोण चढवणार?"

तिनं पाय पाहिला. बोटानं हळूच दाबत विचारलं, "कुणी चोळला का?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागले. आत्याबाईंचं नाव घेतलं असतं तर ते संध्याकाळपर्यंत गावात पोचलं असतं.

"फाटलेल्या कापडाला शिवायच्या आधी दोन्हीकडून ओढल्यासारखं आहे हे," ती म्हणाली. "आता काही दिवस तेल नाही, शेक नाही. सूज उतरली की व्यायाम."

सूज उतरली आणि व्यायाम सुरू झाले. मला वाटलं होतं यंत्रं असतील, वायरी असतील, काहीतरी भारदस्त असेल. तिनं मला खाली टॉवेल पसरून दिला आणि पायाच्या बोटांनी तो गोळा करायला सांगितलं. मग रबरी पट्टा पायात अडकवून ओढायचा. मग भिंतीला धरून एका पायावर उभं राहायचं. दोन पदव्या घेतलेली बाई टॉवेल गोळा करत्येय आणि सासरा समोर खुर्चीत बसून बघतोय, हे दृश्य पाहायला नवरा नव्हता एवढंच मला बरं वाटलं.

"हे काय औषध झालं?" मामंजी म्हणाले. "हे तर आमच्या भरतीत पोरं करायची."

"बरोबर आहे, आजोबा," ती म्हणाली. "घरी तुम्हीच करून घ्या यांच्याकडून."

तिनं हे सहज म्हटलं. परिणाम मला भोगावे लागले. दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या दाराबाहेर "सूनबाई, फॉल इन!" असा आवाज आला. त्यानंतर रोज अंगणात माझी परेड. टाचा वर, टाचा खाली, "एक-दोन-एक", मध्येच "ढिला पडू नगं!" गवळी दूध घालायला यायचा तो मापटं हातात धरून माझा एक पाय खाली येईपर्यंत थांबायचा. नवरा म्हणाला, "आबांना काम मिळालं, किती छान ना!" त्याला छान वाटायला काय जातंय?

मग एके दिवशी दवाखान्यात ती मुलगी माझ्या पायाशी बसली होती आणि तिला वरच्या फळीवरची शेकाची पिशवी हवी होती. "आजोबा, जरा देता का?" मामंजी उठले. फळीपाशी गेले, उजव्या अंगानं उभे राहिले, मग वळले आणि डाव्या हातानं, टाचा उंचावून, कमरेतून वाकडे होत ती पिशवी काढली.

मला यात काही दिसलं नाही. तिला दिसलं.

"आजोबा, उजवा हात वर करा बघू."

"आमाला काय झालंय? हिचं बगा."

"तेच म्हणते, काही झालं नसेल तर वर करा."

मामंजींनी हात उचलला. तो खांद्याच्या जरा खालपर्यंत आला आणि थांबला. त्यांनी चेहरा हलू दिला नाही, पण मिशीखालचे ओठ आवळले गेले. "पाठीमागं न्या," ती म्हणाली. हात खिशापाशीच अडकला. मामंजी म्हणाले, "चपला भायेर हायेत, कुत्री नेतील," आणि निघून गेले.

"खांदा आखडलाय," ती मला हळूच म्हणाली. "बरेच महिने झाले असणार. शुगर तपासलीय का त्यांची? अंगात बनियन कसे घालतात ते?"

बनियन. त्यांनी बनियन घालायचं कधीच सोडलं होतं आणि मी समजले होते, उकडत असेल. मी रोज त्यांना जेवायला वाढत होते, रोज त्यांचे कपडे दोरीवरून काढत होते, आणि एकही बनियन नाही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "छे, आबा एकदम फिट आहेत." त्यानं पूर्ण खात्रीनं सांगितलं, कारण त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

परतताना रिक्षात मी सरळ विचारलं, "मामा, कधीपासून?"

ते बाहेर बघत राहिले. उसाच्या ट्रॅक्टरमागे रिक्षा अडकली होती, त्यामुळे पळून जायला जागा नव्हती.

"दोन झेंडे झाले," ते म्हणाले.

मला कळायला थोडा वेळ लागला. आमच्या शाळेच्या झेंडावंदनाला ते दर वर्षी यायचे, कोट घालून, पदकं लावून. गेल्या दोन पंधरा ऑगस्टला आले नव्हते. एकदा म्हणाले मोटर चालू करायची लाइट सकाळचीच आहे, एकदा म्हणाले कोट उंदरानं कुरतडला. मला वाटलं होतं, पहिल्या खुर्चीवर दुसऱ्याच कुणाला बसवलं म्हणून रुसलेत. तसं मी स्टाफरूममध्ये हसत सांगितलंही होतं.

"सॅल्यूट बसंना," ते म्हणाले. "अर्ध्यावर थांबतो हात. झेंड्यापुढं अर्धा सॅल्यूट ठोकायचा? त्यापरीस न गेलेलं बरं."

मग मी काहीच टोमणा मारला नाही. ते मला जमलं, याचं मलाच आश्चर्य वाटलं.

अर्थात समजावून सांगून मामंजी ऐकणारे नव्हते. दुसऱ्या पहाटे "फॉल इन" झालं तेव्हा मी अंगणात खुर्ची टाकून बसले. "तुम्ही खांद्याचं करणार असाल तर मी पायाचं करणार. नाहीतर मी अशीच लंगडत शाळेत जाईन आणि सांगेन, सासऱ्यांनी करून घेतलं नाही."

"ही बंडखोरी हाय," ते म्हणाले.

"व्हय," मी म्हणाले.

त्यांची शुगर तपासली. ती जी काय निघाली त्यावर डॉक्टरांनी त्यांना बराच वेळ ऐकवलं, आणि चहात तीन चमचे साखर ही फौजेची परंपरा आहे हा बचाव चालला नाही. साखर बंद झाली. साखर कारखान्यात काम करणाऱ्या मुलाच्या घरी बाप बिनसाखरेचा चहा पितो, हे गावाला खांद्यापेक्षा जास्त बोलण्यासारखं वाटलं.

खांद्याचं काम घोट्यासारखं नव्हतं. माझा पाय उन्हाळ्याच्या आत सुधारला, मामंजींचा खांदा मात्र अडून बसला. टेबलावर वाकून हात घड्याळाच्या लोलकासारखा हलवायचा, भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, काठी दोन्ही हातांनी धरून बाजूला ढकलायची. ती मुलगी खांदा धरून हात फिरवायची तेव्हा ते तोंडातून आवाज काढत नसत; फक्त तिला हिंदीत काहीतरी पुटपुटत, जे तिला सुदैवानं ऐकू येत नसे. "अजून थोडं, आजोबा." "आमच्या सुभेदारापरीस वाईट हाय ही," ते मला म्हणाले. त्यांच्याकडून एवढं कौतुक मी कुणाचंच ऐकलं नव्हतं. मध्ये महिनाभर काहीच फरक पडला नाही. त्यांनी तीनदा सोडून दिलं. दर वेळी मी अंगणात खुर्ची टाकली.

पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी त्यांनी कोट इस्त्रीला दिला. कुरतडलेला कुठेच नव्हता.

सकाळी मैदानावर ते दुसऱ्या रांगेत, कडेला उभे राहिले. पहिल्या रांगेत सरपंचबाईंचे यजमान होते, सरपंचबाई तिसऱ्या रांगेत. झेंडा वर गेला, फुलं पडली. मी मुलांकडे लक्ष द्यायला हवं होतं, पण मी मामंजींकडे बघत होते. त्यांचा हात निघाला, खांद्यापाशी आला, जरा थबकला आणि मग वर गेला. बोटं भुवईपाशी टेकली. राष्ट्रगीत संपेपर्यंत हात तिथेच होता. कानाजवळची शीर ताठलेली मला लांबून दिसत होती.

जिलेबी वाटताना ते माझ्यापाशी आले. त्यांनी घेतली नाही, पोरांच्या ताटलीकडे बघितलं फक्त.

"कोपर खाली व्हतं," ते म्हणाले. "दिसलं?"

"नाही, मामा."

"खोटं बोलू नगं. दिसलं." त्यांनी उजवा खांदा कोटाच्या आत गोल फिरवला. "ती पोरगी आज दवाखाना उघडती का?"

"आज सुट्टी आहे."

"सुट्टी!" मामंजी म्हणाले, आणि मुलांच्या रांगेकडे वळून त्यांनी त्यांना बघून सॅल्यूट ठोकणाऱ्या एका पाचवीतल्या मुलाचं कोपर दोन बोटांनी वर उचललं.