खोलीला कुलूप लागलं तर?

या जगात काय काय बिघडू शकतं, याची माहिती माझ्या थोरल्या नणंदेइतकी प्रत्यक्ष विधात्यालाही नसेल, हे मी छातीठोकपणे सांगते. त्यांना आम्ही आक्का म्हणतो. माझ्या लग्नात त्यांनी दोन भटजी सांगून ठेवले होते, एक आला नाही तर म्हणून. दोघेही आले, आणि मंगलाष्टकं कुणी म्हणायची यावरून अशी जुंपली की मुहूर्त टळता टळता राहिला. "बगा, ह्ये ध्यानात न्हाय आलं," एवढंच आक्का म्हणाल्या. सोलापूरला आमच्या घरी आल्या की पहिल्याच दिवशी दवाखाना कुठं, अग्निशामक दलाची गाडी गल्लीत वळते का, हे विचारून घेतात. मंगळवेढ्याकडच्या त्यांच्या गावात लोक त्यांना अपशकुनी म्हणायचे. आक्कांना फिकीर नव्हती. "इचारल्यानं आग लागत न्हाय. पर लागली तर पानी कुटं हाय, त्ये आदी ठावं पायजे की!"

त्यांच्या बचत गटानं कडक भाकरीचा उद्योग काढायचं ठरवलं, तेव्हा मी सुट्टीला तिकडेच होते. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी अर्जातल्या 'संभाव्य जोखीम' या रकान्यात 'बाजारातील चढउतार' असं लिहूनच आणलं होतं. आक्कांनी कागद परत सरकवला. "बाजार उतरंल तवा उतरंल, सायेब. रुक्मिणीचा नवरा पिऊन आला की चुलीवर पानी वततो, त्ये आदी लिवा." साहेबांनी चहाचा कप तोंडाला लावला. मी शाळेत शिकवते, म्हणून लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गिरणी बंद पडली तर जातं कुणाचं, कुणाची सासू आजारी पडली तर तिच्या तव्यावर कोण; प्रत्येक संकटापुढे एका बाईचं नाव. शेवटी आक्का म्हणाल्या, "खोलीला कुलूप लागलं तर? म्होरं माजं नाव लिव." भाकरी भाजायची खोली गटाला ग्रामपंचायतीनं रीतसर ठराव करून दिलेली. मी हसले, पण लिहिलं.

पहिली मोठी मागणी आली ती सोलापूरच्या एका लग्नाची, म्हणून टोपल्या न्यायला मी पुन्हा गावी गेले. भाकरी भाजायच्या दिवशी सकाळी गेलो, तर दाराला खरंच कुलूप! गावातल्या एका पुढाऱ्याला खताची पोती ठेवायला ती खोली हवी होती. समोरच्याच ओट्यावर बसून तो म्हणाला, "हळदीकुकू करा की. बायकांचं काम कवा तडीला गेलंय?"

बायका रडवेल्या झाल्या. आक्कांनी नुसता हात केला. अर्ध्या तासात खोलीपुढच्या ग्रामपंचायतीच्या अंगणात तीन-तीन दगडांच्या अकरा चुली मांडल्या गेल्या. दगड, सरपण, जादा तवे, सगळं त्यांनी घरोघरी आधीच काढून ठेवायला लावलं होतं. वारा आमच्या बाजूचा. धूर थेट ओट्यावर. पुढारी खोकत ओरडला, "ह्ये काय चाललंय?"

"भाकरी चाललीया," आक्का थापता थापता म्हणाल्या. "कुलूप तुमचं, आंगन गावाचं. धुराचा तरास हुत आसंल तर घरी जावा की."

गंमत बघायला रुक्मिणीचा नवरा आला होता, त्याला त्यांनी लाकडं फोडायला बसवलं. दुपारी शेवटची भाकरी कडक झाली, तेव्हा पुढारी स्वतः किल्ली घेऊन आला. आक्कांनी वरसुद्धा पाहिलं नाही. "आसू द्या. उद्या ठराव वाचून, समद्या गावाम्होरं घिऊ."

टोपल्या एसटीत घालून आम्ही दोघी सोलापूरला आलो. लग्नघरी भाकरी पोचवून मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. बाकावर बसल्या, पण गाडी आली नाही तर काय, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. "काय झालं आक्का?" मी विचारलं.

"इस्कटलं तर काय करायचं, त्ये समदं लिवलं," त्या हळूच म्हणाल्या. "नीट झालं तर काय करायचं, त्ये मला जल्मात कुनी इचारलंच न्हाय गं."

मंगळवेढ्याची गाडी लागली, माणसं चढली. "जाऊ दे, म्होरच्या गाडीनं जाते," म्हणाल्या, आणि बोटांवर वाळलेलं पीठ नखानं सावकाश काढत बसून राहिल्या.