मामाची दुरडी

नाताळ तोंडावर आला की आई बुरुडाकडून बांबूच्या दुरड्या आणायची. एक बार्शीच्या काकांसाठी, एक सोलापुरातच राहणाऱ्या आत्यासाठी आणि एक जेऊरच्या मामासाठी. करंज्या, अनारसे, शंकरपाळी, कुटलेली शेंगांची चटणी, बेकरीत भाजून आणलेली नानकटाई असं सगळं थरावर थर रचून ती वरून कापड शिवून टाकायची. बाबा गिरणीत कारकून होते, त्यामुळे कापडाच्या तुकड्यांना तोटा नव्हता. मी पतंगाच्या कागदाची चांदणी कापून वर चिकटवत असे.

मामाच्या दुरडीत मात्र शिजवलेलं काही नसायचं. गूळ, तीळ, खोबऱ्याच्या वाट्या, हरभऱ्याची डाळ, एवढंच. मामा मेंढरं राखणारा आणि आम्ही ख्रिस्ती. आमच्या घरचं रांधलेलं त्यानं खाल्लं असतं तर भावकीनं त्याला वाळीत टाकलं असतं. कोरडा शिधा चालायचा.

आई चार-पाच वर्षांची असताना मोठ्या दुष्काळात तिचे आईबाप गेले होते. तिच्याहून थोडा मोठा भाऊ तिला पाठीवर घेऊन सोलापुरात आला. मिशनच्या अनाथाश्रमाच्या फाटकाशी त्यानं तिला बसवलं आणि सांगितलं, "हितं बस. भाकरी घिऊन येतो." तो आलाच नाही. आश्रमातल्या बाईंनी तिला आत नेलं, वाढवलं, शिकवलं, लग्नही लावून दिलं.

मामानं तिला शोधून काढलं तेव्हा मी शाळेत जात होते. तो घोंगड्या विकायला बाजाराला आला होता. कुणाकुणाला विचारत आमच्या दारात येऊन उभा राहिला, पण उंबरा काही ओलांडला नाही. आई त्याच्याकडे नुसती बघत होती.

"दुसऱ्या दिशी आलतो मी फाटकाकडं," तो म्हणाला. "तू पोरींसंगं जेवाय बसली व्हतीस. ताटात भात व्हता. माज्याकडं काय व्हतं? तसाच माघारी फिरलो."

आई म्हणाली, "हाक तरी मारायची की रे, दादा."

"हाक मारली असती तर तू उठून आली असतीस," मामा म्हणाला.

ती दाराच्या आत बसली, तो बाहेर. पाणीसुद्धा न पिता तो गेला. त्या वर्षापासून मामाची दुरडी सुरू झाली. आमच्या शेजारचे काका रेल्वेत होते. ते ती जेऊर स्टेशनात उतरवून द्यायचे आणि मामा येऊन घेऊन जायचा.

एका नाताळात दुरडी पोचवून आल्यावर ते काका आईला म्हणाले, "तुमच्या भावानं निरोप दिलाय. पुढच्या सालाला हातचं रांधलेलं धाड, म्हणाला. खातो मी, काय व्हायचं ते हू दे."

आईनं तो निरोप त्यांच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतला. मग मोरीत जाऊन तोंड धुऊन आली.

पुढचं सगळं वर्ष ती मधूनच विचारायची, "त्याला तिखट आवडत असेल का गं?" मी तोवर मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते. मी म्हणायचे, "मला काय ठाऊक?" तिलाही ठाऊक नव्हतं. डिसेंबर लागताच तिनं कामाला हात घातला. सारण सैल झालं म्हणून पहिल्या घाण्याच्या करंज्या आम्हालाच खायला दिल्या आणि मामासाठी नव्यानं केल्या. शेजारच्या काकांची तोवर बदली झाली होती. बाबा म्हणाले, "दुसरं कुणी बघतो मी." आई म्हणाली, "नको. मीच जाते. तो खाताना मला बघायचंय."

आम्ही दोघी सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. दुरडी आईनं मांडीवरून खाली ठेवली नाही. जेऊरला उतरून विचारत विचारत वस्तीवर पोचलो. वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरांची पिल्लं होती, एक कुत्रं भुंकत अंगावर आलं. कुत्र्याला हाकलत एक बाई पुढं झाली. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं, हात मोकळे होते. ती मामी होती.

आईनं तिच्याकडे पाहिलं आणि जागच्या जागी खाली बसली.

"दिवाळीच्या आदी गेलं, वन्सं," मामी म्हणाली. "ताप आला, उतरलाच न्हाय. तुमाला कळवाय मानूस धाडत व्हते, तर भावकी म्हनली, न्हाय धाडायचा."

मी विचारलं, "काही बोलला का मामा?"

"तुमच्याच करंजीचं बोलायचं. नाताळ कवा हाय, किती दीस ऱ्हायलं, सारकं इचारायचं." मामी रडायला लागली. दारात दोन पोरी उभ्या होत्या, तिच्या पदराकडे बघत.

आईनं दुरडी पुढं सरकवली. "पोरींना तरी दे."

मामीनं हात पुढं केला आणि मागं घेतला. "माज्या पोरी उजवायच्या हायती, वन्सं. त्येंचा बाप असता तर गोष्ट येगळी. मी एकली कुनाकुनाला तोंड दिऊ?"

आई म्हणाली, "बरोबर आहे तुझं." ती खरंच तसं मानत होती. तिच्या आवाजात राग नव्हता. मग तिनं विचारलं, "त्याला कुठं ठेवलंय?"

त्यांच्यात पुरायची रीत होती. मामी आम्हाला ओढ्याकाठी घेऊन गेली. लिंबाच्या झाडाखाली दगड रचलेले होते. आईनं दुरडीची शिवण दातानं तोडली. आमच्याकडे मेलेल्या माणसापुढं घास ठेवत नाहीत, आणि शाळेत बायबलचा तास मीच घेत होते. तरी मी कापड बाजूला धरलं. तिनं एक करंजी दगडांवर ठेवली, मग दुसरी, मग शंकरपाळी मूठ भरून, चटणीसुद्धा. ठेवता ठेवता ती मामीसारखंच बोलायला लागली, जे मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "खा की रं, दादा. लई गोड न्हाय केलं. खा की."

मामीनं तिला मागून धरलं. शिवायचं नाही हे तिच्या ध्यानातच राहिलं नसावं. दोघी तशाच उभ्या राहिल्या. आम्ही निघालो तेव्हा ओढ्याच्या काठावर कावळे उतरायला लागले होते. आईनं मागं वळून पाहिलं नाही.

गाडीनं नदीचा पूल ओलांडल्यावर ती म्हणाली, "मला त्याचा आवाजच आठवेना झालाय. चार वेळासुद्धा बोललो नसू आम्ही."

घरी आल्यावर तिनं बाबांना मामा गेल्याचं सांगितलं. करंज्यांचं काय केलं ते सांगितलं नाही. नाताळच्या दिवशी उपासना झाल्यावर आत्या घरी आली. तिला अजून काहीच कळलं नव्हतं. तिनं हौसेनं विचारलं, "काय गं, खाल्लं का भावानं यंदा?"

आई म्हणाली, "हो, भरपूर दिलं त्याला," आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली. बराच वेळ ती बाहेर आली नाही. मी आत गेले तेव्हा पाणी उकळून उकळून आटलं होतं आणि ती भांड्याकडे बघत उभी होती. मी भांडं उतरवलं, दुसरं पाणी ठेवलं आणि चहा मीच केला.