पायाळूची पाठ

ब्राह्मणपुरीत कोणाची कंबर धरली की त्याला दवाखान्याचा रस्ता कोणी सांगत नाही. आधी भिकुबाईकडे पाठवतात. दवाखाना कुठे पळून जातो?

भिकुबाई पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांनी जगात आलेली. अशा माणसाने पाठीला पाय लावला की भरलेली उसण उतरते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिचं माहेर तापीकाठचं प्रकाशा. तिच्या आधीची दोन भावंडं गेली म्हणून हिचं नाव भिकू ठेवलं आणि पायाळूवर वीज पडते म्हणून पावसाळाभर हिला घरात डांबलं. "आभायमा गडगडलं का माय माले कोठीना मांगे दडाई ठेवे," असं ती आजही हसत सांगते. वीज काही आली नाही. लोक मात्र अडतीस वर्षं येत राहिले.

येण्याची रीत ठरलेली. रविवारी नाहीतर बुधवारी सकाळी, उपाशीपोटी यायचं. दाराच्या चौकटीला दोन्ही हात लावून, तोंड बाहेर करून उभं राहायचं, थोडं वाकायचं. घरातून, पाठीमागून भिकुबाईचा आवाज येतो, "श्वास सोड." तो सुटला की तिच्या उजव्या पायाची टाच पाठीला लागते. असं तीनदा. पैसे नाहीत, नारळ नाही. उलट माणूस तिच्याच घरचा चहा पिऊन, वर दोन गप्पा हाणून घरी जातो.

हे सुरू झालं ते तिच्या लग्नाच्या आठव्या दिवशी. विहिरीवरची मोटर उचलताना सासऱ्यांची कंबर धरली. घरात नवीकोरी पायाळू सून, पण सुनेचा पाय सासऱ्याच्या अंगाला लागायचा कसा? अर्धा दिवस खल चालला. शेवटी सासरेच कळवळून ओरडले, "पाय नही, औषध शे ते!" आणि चौकट धरून उभे राहिले. भिकुबाईने पदर दातात धरला, डोळे मिटले आणि टाच लावली. सासरे ताठ चालत मळ्यात गेले. त्या दिवशी घरात एकच माणूस रागावलं होतं, ते म्हणजे सासू रुक्मिणीबाई.

"सूनना पाय मन्हा आंगले? मरी जासू, पन लाई लेवाव नही!"

म्हातारीने हा शब्द पाळला. सासरे गेले, रुक्मिणीबाई ब्याऐंशीची झाली, पाठीला बाक आला, पण तिने तो पाय लावून घेतला नाही. दाराच्या आतल्या खाटेवर बसून ती साऱ्या गावाच्या पाठी मोकळ्या होताना बघायची, आणि स्वतःची दुखली की भिंतीकडे तोंड करून कण्हायची. भिकुबाईला ते कण्हणं फार लागायचं. गावभराच्या पाठी हाताखालून गेल्या, म्हणजे पायाखालून गेल्या, आणि घरातली एक पाठ तेवढी राहून गेली.

मग गेल्या मार्गशीर्षात गंमत झाली. गंमत म्हणायची, कारण ती दुसऱ्या कोणाची असती तर भिकुबाईच पोट धरून हसली असती. पपईचं कॅरेट उचलायला ती वाकली आणि तिचीच कंबर धरली. दोन दिवसांत दुखणं वर चढून मान आखडली. कोणी हाक मारली तर अख्खी भिकुबाई वळायची, नुसती मान वळेना. आणि उजवा पाय टीचभर उचलला तरी कमरेत कळ जायची.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पायाळूच्या पाठीला पाय कोणी लावायचा? तिने स्वतः प्रयत्न करून पाहिला. पालथी पडून टाच पाठीकडे वळवली. ती अर्ध्या वाटेवरून परत आली. पायाळूला पायाळूचा गुण येत नाही, असं म्हणतात. कोण म्हणतं? सगळेच म्हणतात. कोणी करून पाहिलंय? कोणीच नाही.

तिला भीती वेगळीच होती. वैद्याचीच कंबर मोडली हे कळलं तर लोक काय म्हणतील? हिच्या पायात गुण असता तर हिचीच पाठ अशी का झाली असती, असंच म्हणतील ना. आणि खरं सांगायचं तर तो प्रश्न लोकांच्या आधी तिलाच पडला होता. आपल्या पायात आहे तरी काय? काही आहे, की अडतीस वर्षं आपण नुसताच पाय हलवत होतो? दोन रविवार तिने आलेल्यांना "पायले काटा रुतना" म्हणून परत पाठवलं आणि मग गुपचूप शहाद्याचा डॉक्टर गाठला.

डॉक्टरने पाठीचा फोटो काढला, पाय उचलून पाहिले, अंगठे दाबून पाहिले. "मणके थोडे झिजलेत, पण नस दबलेली नाही," तो म्हणाला. "गोळ्या पाच दिवस, व्यायाम जन्मभर." लोणखेड्याला बायकांचा योगाचा वर्ग चालतो, तिथे जा म्हणाला.

घरी काय सांगायचं? भिकुबाईने नवऱ्याला, सुपडूला, सांगितलं की रेशनकार्डाची केवायसी करायची आहे. पहिल्या दिवशी मशीन बंद होतं. दुसऱ्या दिवशी बोट उमटलं नाही. तिसऱ्या दिवशी गर्दी होती. सरकारी कामाची एक सोय आहे, ते कितीही दिवस चाललं तरी कोणाला शंका येत नाही. रोज सकाळच्या एस.टी.ने ती लोणखेड्याला जायची आणि दुपारच्या आत परत यायची.

वर्ग घेणारी ममता तिशीतली, शांत बोलणारी. तिने पहिल्या दिवशी भिकुबाईला सतरंजीवर हातापायांवर ओणवं केलं. श्वास घेताना पाठ हळूच खाली जाऊ द्यायची, सोडताना वर गोल करायची. जिथे कळ येईल तिथे थांबायचं, रेटायचं नाही.

"याला मार्जारासन म्हणतात, काकू. मांजराचं."

"मांजर कंबर दुखस म्हनीसन वाकस, का दुखाले नको म्हनीसन?" भिकुबाईने ओणव्यानेच विचारलं.

वर्ग हसला. ममता हसली नाही. "मी मांजराला कधी नीट पाहिलंच नाही," ती म्हणाली. "तुम्ही बघून सांगा."

हे काम भिकुबाईला फार आवडलं. चुलीपाशी झोपणाऱ्या मांजरीवर तिने तीन दिवस पाळत ठेवली. मांजर उठली की आधी पुढचे पाय लांब करते, पाठ खाली सोडते, मग वर कमान करते, आणि तेव्हा कुठे कामाला लागते. दुखण्याची वाट बघत नाही. "तुले कोनी शिकाडं वं?" तिने मांजरीला विचारलं. स्वतः मात्र ती पहाटे डोळे उघडल्या उघडल्या पपईच्या मळ्यात वाकायला धावत होती. धान्याच्या कोठीमागे जागा करून ती रोज मांजर व्हायला लागली.

मानेचं ममताने वेगळं शिकवलं. मान गरागरा फिरवायची नाही. हनुवटी हळू छातीकडे, मग एक कान खांद्याकडे, मग दुसरा. बोटांना तेल लावून कवटीच्या खालच्या खोबणीत बारीक गोल फिरवायचं. उजवा खांदा डाव्या हाताने कणकेसारखा दाबायचा आणि सोडायचा. दुपारी जमिनीवर पडून पोटऱ्या खाटेवर ठेवायच्या. आठ दिवसांत मान वळायला लागली. एस.टी.त मागून कंडक्टरने हाक मारली तर भिकुबाईने नुसती मान वळवून पाहिलं आणि एवढी खूश झाली की तिकीट घ्यायचं विसरली.

दहाव्या दिवशी ममताने चेंडू आणले, टेनिसचे. मोज्यात घालायचा, पाठ आणि भिंत यांच्या मध्ये धरायचा, गुडघे जरा वाकवून अंगाच्या भाराने दाबायचं. "मणक्याच्या हाडावर नाही हं. बाजूच्या मांसावर. दुखरी जागा सापडली की थांबायचं आणि श्वास सोडायचा."

भिकुबाईने चेंडू हळूहळू सरकवला. मणक्यापासून दोन बोटं बाजूला, शेवटच्या बरगडीच्या खाली तो थांबला. कळ आली, पण गोड कळ. ती जागा तिला ओळखीची वाटली. आणि एकदम लक्षात आलं, तिची टाच अडतीस वर्षं तिथेच तर जात होती. हाडावर कधीच नाही. आधी पाय नुसता टेकायचा, जागा चाचपायची, आणि माणसाने श्वास सोडला की मगच भार द्यायची. तिला हे कोणीही शिकवलेलं नव्हतं. चेंडू तसाच धरून ती भिंतीपाशी उभी राहिली आणि तिच्या अंगावर काटा आला.

तिने ममताला सगळं सांगितलं. ममता बराच वेळ ऐकत राहिली. "काकू, गुण जन्मात असतो की टाचेत, ते मला नाही सांगता येणार," ती म्हणाली. "पण टाचेला जागा कळते, एवढं खरं."

आता भिकुबाईला चैन पडेना. जागेचा गुण की पायाचा? हे कळायला एकच उपाय होता, आणि तो रविवारी आपल्या पायांनी चालत आला.

म्हणजे कसाबसा चालत आला. गावातला ट्रॅक्टर चालवणारा भरत, एक हात कमरेवर, तोंड वाकडं. "मरी गऊ ओ काकू! टायर उचलाले गऊ नि कंबर धरी लिधी."

भिकुबाईने त्याला आधी डॉक्टरसारखंच विचारलं, पायात मुंग्या येतात का, पाय जड पडतो का. नाही म्हणाला. "धर चौकट," ती म्हणाली. भरतने चौकट धरली, तोंड बाहेर केलं. तिचा पाय अजून कमरेइतका उचलत नव्हता. तिने वर्गातून आणून कोठीवर ठेवलेला मोज्यातला चेंडू घेतला, मुठीत धरला. छाती धडधडत होती. चोरी करताना धडधडावी तशी.

"श्वास सोड."

भरतने श्वास सोडला. तिने चेंडू टेकवला, जागा चाचपली, भार दिला. तीनदा. भरत हळूच सरळ झाला, एक पाय उचलून पाहिला, दुसरा उचलून पाहिला. "मोकळं व्हयनं!" तो म्हणाला. "काकू, तुन्हा पायनी सर कोनले नही!" चहा पिऊन, वर आणखी अर्धा कप मागून तो गेला.

भिकुबाई उंबऱ्यावर बसली. मनात जे कोडं होतं ते सुटलं होतं आणि तिला आनंद व्हायला हवा होता. घटकाभर झालाही. मग तो ओसरला. म्हणजे पायात काही नव्हतं. आई पावसाळाभर जिला कोठीमागे दडवायची ती पोरगी काही वेगळी नव्हतीच. वर आज तिने एका भोळ्या माणसाला फसवलं होतं. तिने पदराने डोळे पुसले आणि उद्याच भरतला खरं सांगून टाकायचं ठरवलं.

"तू पाय लायाच नही ना?"

खाटेवरून रुक्मिणीबाई बोलत होती. भिकुबाई दचकून वळली. म्हातारीला बाहेरचं धड दिसत नाही, पण चार हातांवरचं सगळं दिसतं.

"नही, माय," भिकुबाई खाली मान घालून म्हणाली. "हाऊ चेंडू व्हता."

"देखं मी." रुक्मिणीबाईने हात पुढे केला, चेंडू घेतला, मोज्यावरून बोटं फिरवली, दाबून पाहिला. मग तिने अंगावरचा पदर सारखा केला आणि भिंतीचा आधार घेत हळूहळू पाठ वळवली.

"पाय नही ना हाऊ? मंग माले बी लाव."

भिकुबाईला क्षणभर कळेचना. मग ती उठली. अडतीस वर्षं जी पाठ तिने नुसती लांबून पाहिली होती, ती समोर होती. बारीक, वाकलेली, हाडं मोजून घ्यावीत अशी. हिच्यावर चेंडू कसला लावायचा, तो बोचला असता. भिकुबाईने तळहाताला तेल लावलं आणि अंगठ्याने मणक्याच्या बाजूची जागा शोधली. ती लगेच सापडली. टाचेला ठाऊक होतं ते अंगठ्यालाही ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हलक्या हाताने दाबत होती.

म्हातारी कण्हली, पण ते कण्हणं नेहमीचं नव्हतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी येडी. लई वरीस दुखाडी लिधं."

"ऱ्हाऊ दे, माय."

"काय ऱ्हाऊ दे? आते तू फिर."

"मी?"

"पंधरा दिन केवायसी चालस का कोनी? कोठीना मांगे रोज मांजरनी गत वाकस, ते माले दिखस नही का? फिर म्हनस ना!"

भिकुबाई खाटेच्या काठावर बसली आणि सासूकडे पाठ केली. दोन्ही खांद्यांच्या मधली एक जागा होती, जिथे तिचा हात पोचत नव्हता आणि भिंतीवर चेंडू टिकत नव्हता. तिथे म्हातारीची सुरकुतलेली बोटं येऊन थांबली, जरा डावीकडे सरकली आणि बरोबर त्या जागेवर टेकली.

"श्वास सोड, भिकू," रुक्मिणीबाई म्हणाली.