वॅगनवरची फुली

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की माझं डोकं फिरतं. अमावस्येला फोर्कलिफ्टला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांशी भांडलेला माणूस आहे मी. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला चीड येतेय.

आकुर्डीच्या पुढे आमच्या कंपनीची रेल्वे साइडिंग आहे, म्हणजे मालगाडी थेट आवारात आणणारा रूळ. तिथे टँक वॅगनमधून सॉल्व्हंट येतं – ठिणगी पडली की संपलं. मी सेफ्टी सुपरवायझर. वॅगन तपासली की खडूने टिक मारायची, शंका असेल तर फुली. माझ्या आधी हे काम गायकवाडकाका करायचे. त्यांच्या फुलीखाली कायम दोन आडव्या रेघा असत. तीन वर्षांपूर्वी रिटायर होऊन ते उदगीरला गेले.

त्या दिवशी वॅगनचा रेक, म्हणजे अख्खी मालगाडीच, उशिरा आला, मॅनेजरचे फोनवर फोन. दुपारचे पावणेतीन. तिसऱ्या वॅगनवर टिक मारून मी वळलो, परत पाहतो तर टिकेशेजारी फुली... खाली दोन रेघा. वैताग आला. कुणाला चेष्टा सुचतेय? फडक्याने पुसली. रजिस्टरवर सही करून मान वर केली, फुली पुन्हा तिथेच. आसपास पाईप जोडणारे सलीमभाई सोडून कुणी नाही, आणि त्यांच्या दोन्ही हातांत पाईप.

"सलीमभाई, जोडा. कुणाचा तरी फाजीलपणा आहे."

त्यांनी पाईप खाली ठेवला. "साहेब, काकांची फुली हाय. मी न्हाई जोडणार."

चरफडत मेंटेनन्सला बोलावलं. त्यांनी वर चढून पाहिलं – आतला वॉल्व्ह अर्धवट उघडा. पाईप जोडायला खालचं झाकण काढलं असतं, तर सगळं सॉल्व्हंट सलीमभाईंच्या अंगावर आलं असतं.

आता खरं ते सांगतो. वर चढून त्या वॉल्व्हचं हँडल बंद आहे का, हे बघायचा नियम आहे. घाईत मी खालूनच टिक मारली होती. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

ऑफिसमध्ये येऊन काकांना फोन लावला. वर्षभरात बोलणं नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "वर चढला नव्हतास ना?"

मी नुसतं "चुकलो काका" म्हणालो. तुम्हाला कसं कळलं, हे विचारलं तर म्हणाले, "काय की बाबा. दुपारपासून तुझीच आठवण येऊ लागली."

कॅमेरा? वॅगनच्या दुसऱ्या बाजूला, अर्थातच. रिपोर्टमधला 'काम थांबवण्याचे कारण' हा रकाना अजून कोरा आहे, त्यावरून मॅनेजरचे तीन मेल आलेत. काय लिहू, तुम्हीच सांगा. सध्या प्रत्येक वॅगनवर चढतो, गुडघे बोंबलतात. आणि खाली उतरून टिक मारली, की सलीमभाई आणि मी दोघंही मिनिटभर तिच्याकडे बघत थांबतो.