दोन मिनिटांची दुपार

आमच्या आल्बममध्ये आठ गाणी आहेत. म्हणजे गाणी सात. आठव्यात पेटी नाही, ढोलकी नाही, बँजो नाही. दोन मिनिटं नुसती दुपार आहे, आमच्या गावची. ती दुपार मी स्वतः फोनवर रेकॉर्ड करून आणली आणि माझ्याच गाढवपणाचा पुरावा खिशात घालून सुरतेच्या उधन्याला परत आलो.

आधी बँडचं सांगतो. बँड हा शब्द मास्तरांचा. आम्ही तिघं. मी लूम्सच्या खात्यावर तीस वर्षं मशीन चालवतो, पेटी वाजवतो, गातो आणि गाणी जोडतो. सुरतेत लूम्सच्या कारखान्याला खातं म्हणतात. दुसरा आमचा ढोलकीवाला, माझ्याच खात्यात, माझ्याच रांगेत, माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान, म्हणून मला मामा म्हणतो. तिसरे मास्तर. मराठी शाळेत शिकवतात, नाशिककडचे आहेत आणि बँजो असा वाजवतात की लग्नाच्या वरातीतले घोडेसुद्धा थांबावेत. लॅपटॉप त्यांचा, माइक त्यांचा, घरही त्यांचंच. रविवारी दुपारी आजूबाजूची खाती बंद असतात, तेवढ्या वेळात आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात रेकॉर्डिंग करायचो. वहिनींच्या सगळ्या गोधड्या भिंतींवर टांगायच्या, पंखा बंद, खिडकी बंद, कुकरसुद्धा लावायचा नाही. तिघंही घामाने निथळायचो. वहिनी बिचाऱ्या शेजारी जाऊन बसायच्या.

गाणी गावाची. आमचं गाव खानदेशात, ना धड खेडं ना धड शहर. एसटी स्टँड आहे, पण दिवसाला तीनच बस. कापसाची जिनिंग होती, ती बंद पडली. मंगळवारचा बाजार आहे, उन्हाळ्यात टँकर आहे आणि गल्लीत कुलपंच कुलपं, कारण निम्मी गल्ली सुरतेत. टँकरवर एक गाणं झालं, तीनच्या बसवर एक, कुलपांवर एक. कुलपांचं गाणं ढोलकीवाल्याला एवढं लागलं की तो मध्येच वाजवायचा थांबला आणि मी त्याच्यावर खेकसलो.

खेकसणं माझ्या स्वभावातच आहे. मास्तर म्हणायचे, "दादा, जरा हळू गा. लॅपटॉपवर लाल दिवा लागतोय." मी म्हणायचो, गाणं आहे की चोरी, हळू कशाला? वरच्या मजल्यावरची बाई यायची, "काका, जरा धीमे गाओ ने!" तिच्यावरही चिडायचो. बँजो तर मला कायम कमीच वाटायचा. "मास्तर, मोठ्याने वाजवा, हात दुखतात का?" मास्तर डोळे मोठे करून बघायचे. एकदा म्हणाले, "वरच्या सुराला तुम्ही थोडे खाली जाता." मी पेटीचा भाता बंद केला, चप्पल घातली आणि घरी निघून आलो. पुढच्या रविवारी ढोलकीवाला बोलवायला आला तेव्हा गेलो. असा मी.

लोकांना मी सांगायचो, आपली अहिराणी भाषा टिकावी म्हणून आल्बम करतोय. थापा सगळ्या. आल्बम मी एकाच माणसासाठी करत होतो, माझ्या अक्कासाठी. माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, तिनेच मला वाढवलं. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि स्टँडजवळच्या आमच्या दोन खोल्यांत एकटी राहते. आणि दोन वर्षं झाली, ती माझ्याशी धड बोलत नव्हती. आधी फोन यायचे. मग कमी झाले, मग बंदच. मी केला तर दोन वाक्यांत गप्प. वर रेंजची बोंब. मी हॅलो हॅलो ओरडायचो, पलीकडून काहीतरी चिवचिव यायची, मी वैतागून ठेवून द्यायचो. माझी बायको होती तोवर फोन तीच घ्यायची आणि मला सांगायची, "अक्का असं म्हणते, अक्का तसं म्हणते." ती गेली त्याला तीन वर्षं झाली. मुलगा सुरतेबाहेर कामरेजला असतो, त्याची पोरं गुजरातीत बोलतात, सणाला येतात, जातात. घरी गेल्यावर माझ्याशी बोलायला कोणी नाही. अक्का होती, तीही रुसली. का रुसली ते मला कळेना आणि विचारायला माझा ताठा आड. म्हटलं, गाणी ऐकली की विरघळेल. तिच्या स्टँडचं गाणं, तिच्या टँकरचं गाणं. मग करेल फोन.

सात गाणी झाल्यावर मी हट्टाला पेटलो. आल्बमचं नाव ठेवलं होतं 'मन्हा गावनी दुपार', मग त्यात दुपार नको? उधन्यात दुपार नसतेच. एक रविवार सोडला तर मशीन दिवसरात्र सारखंच खडखडतं. मी म्हटलं, गावी जातो आणि दोन मिनिटांची शांतता घेऊन येतो. मास्तर हसले. "शांतता काय, इथेही बटण दाबून मिळते." मी म्हटलं, बटणाची नको, आमच्या गावची पाहिजे.

दोन दिवसांची रजा काढली, भुसावळकडची पॅसेंजर धरली. अक्काने चहा दिला. चुलीकडे तोंड करून बसली. मी खात्यातल्या गोष्टी सांगितल्या, आल्बमचं सांगितलं, ती माझ्याकडे पाठ करून भाकरी थापत राहिली. एक शब्द नाही. माझं डोकं फिरलं. मी ओट्यावर जाऊन बसलो, घराकडे पाठ, स्टँडकडे तोंड. तीनची बस अजून यायची होती. स्टँडच्या सावलीत एक शेळी, समोर पाच घरं, पाचही कुलूपबंद. ऊन असं की पत्रा तडतडत असेल. मी फोन मांडीवर ठेवला, बटण दाबलं आणि डोळे मिटले.

खोटं कशाला सांगू, त्या दोन मिनिटांत मला फार बरं वाटलं. किती शांत! आपण इथून का गेलो, असं मनात आलं. बस आल्याचं जमिनीतून कळलं, तेव्हा बटण बंद केलं.

मग अजून तासभर तसाच बसलो, रुसून. आत गेलो तर ताट झाकून ठेवलेलं आणि अक्का भिंतीकडे तोंड करून आडवी झालेली. भाकरी गार. एवढ्या लांबून भाऊ आला आणि एका शब्दाने जेवायला बोलावलं नाही! गार भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर गिळली, पिशवी उचलली आणि दुसऱ्या दिवसाची वाट न बघता संध्याकाळच्या बसने निघालो. ती दारात उभी होती. मी मागे वळून पाहिलं नाही. आता हे लिहिताना लाज वाटते.

पुढच्या रविवारी गोधड्या टांगल्या. मास्तरांनी माझं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घेतलं, हेडफोन लावून ऐकू लागले. अर्ध्यात त्यांचा चेहरा बदलला. शेवटपर्यंत ऐकलं, हेडफोन काढून ढोलकीवाल्याला दिला. तो ऐकता ऐकता खाली बघायला लागला, मग बाहीने डोळे पुसले. मी खूश. छाती फुगली माझी. म्हटलं, बघा! आहे की नाही शांतता? असली दुपार बटण दाबून मिळेल का मास्तर?

मास्तर म्हणाले, "दादा, शांतता? आणि तुम्ही मुद्दाम तसेच बसून राहिलात? रेकॉर्डिंग बिघडेल म्हणून?"

"कसा बसून राहिलो?"

"अहो, तुमच्या बहीण तुम्हाला हाका मारतायत."

मला वाटलं, थट्टा चाललीय. ढोलकीवाल्याला थट्टेची खोड आहेच. मी हेडफोन ओढून घेतला. ऐकलं. काही नाही. आवाज वाढवायला सांगितला. शेवटी शेवटी खूप खाली बसची घरघर लागली, बाकी सगळी तीच माझी शांत दुपार. म्हटलं, काय माणसं आहात, म्हाताऱ्याची चेष्टा करता? मास्तरांनी बोट लावून पडद्यावरची रेघ दाखवली. सपाट रेघ, मध्येच तिला उंचवटे. एक, दोन, तीन, चार. "हे त्यांचे शब्द आहेत," ते म्हणाले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. खात्यात मशीनच्या आवाजात कोणाचंही कानाने ऐकू येत नाही. तिथे आम्ही ओठांनी बोलतो. आवाज न काढता तोंड हलवायचं, समोरच्याने ओठ वाचायचे. दहा मशीन लांबून सुताची तार तुटली म्हणून सांगता येतं, चहा आला म्हणून सांगता येतं, शेठला शिवीही देता येते. तीस वर्षं मी असाच बोललो. माणूस समोर असला की मला सगळं कळतं, म्हणून माझे कान गेलेत हे मला कधी कळलंच नाही. बायको बोलण्याआधी नेहमी खांद्याला हात लावायची. मला वाटायचं, प्रेमाने लावते. प्रेमानेच लावत असेल. पण तिला माहीत होतं आणि तिने मला सांगितलं नाही.

ढोलकीवाल्याने हेडफोन स्वतःच्या कानाला लावले, माझ्यासमोर मांडी घालून बसला, मास्तरांना खुणेने सुरू करा म्हणाला. आणि अक्का जसजशी बोलत गेली तसतसे त्याने आवाज न काढता ओठ हलवले, खात्यात हलवतो तसेच.

भाऊ.

मग बराच वेळ ओठ बंद.

भाऊ, जेवाले ये.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्याच्या मिशा, पानाने लाल झालेले दात, आणि शब्द अक्काचे.

भाऊ, आयकस का रे? भाकर थंडी व्हई ऱ्हायनी.

परत बंद. माझ्या मांडीवर फोन होता तेव्हा. डोळे मिटलेले होते. बरं वाटत होतं मला.

मग त्याचे ओठ हलले, थांबले, त्याने माझ्याकडे बघितलं. सांगू की नको, असं झालं त्याला. मी मान हलवली.

मन्हावर राग शे त्याना. बोलस नही तो मन्हासंगे.

हे ती स्वतःशीच बोलली होती. त्याने हेडफोन काढून ठेवले. मास्तर उठून खिडकी उघडायला गेले, उगाचच. मी तिथेच गोधड्यांमध्ये बसून रडलो. बायको गेली तेव्हाही चार माणसांत रडलो नव्हतो. दोन वर्षं मला वाटत होतं ती बोलत नाही आणि दोन वर्षं तिला वाटत होतं मी ओ देत नाही. फोनवर ती किती काय काय बोलली असेल आणि मी रेंजला शिव्या देऊन तिच्या तोंडावर फोन आपटला असेल. किती वेळा? काय विचारत असेल ती? तेही आता कोण सांगणार, ते काही कुठे रेकॉर्ड झालेलं नाही.

थोड्या वेळाने मास्तर हळूच म्हणाले, त्यांचे ओठ बघूनच मला कळतंय हे आता माझ्या लक्षात येत होतं, "दादा, तुमचा एक आवाज घेऊ का? त्यांच्या शेवटच्या बोलण्यानंतर तुमची 'ओ' टाकली तर आल्बमचा शेवट फार चांगला होईल."

"आल्बम गेला खड्ड्यात," मी म्हटलं. "ती ओ आल्बमसाठी नाही. आठवं गाणं आहे तसंच राहू द्या. आणि मला व्हिडिओ लावून द्या. नुसता फोन नको, तोंड दिसलं पाहिजे."

ढोलकीवाल्याने माझ्या फोनवरून लावून दिलं. नवा फोन तिला माझ्या मुलाने दिवाळीला दिला होता. बराच वेळ वाजत राहिला. मग उचलला गेला आणि पडद्यावर काळोख आला. मग थोडा उजेड, पांढरे केस आणि एक कान. अक्काने सवयीने फोन कानाला लावला होता. पडदाभर तिचा कान. त्यातली कुडी मी लहानपणापासून ओळखतो, तिच्या मांडीवर झोपलो की ती माझ्या डोळ्यांसमोर हलायची.

फोन समोर धर, असं सांगायला हवं होतं. ढोलकीवाला खुणेने तेच सांगत होता. मी सांगितलं नाही. तिचे ओठ दिसत नव्हते, ती काय म्हणत होती ते मला कळत नव्हतं, पण कान तर समोर होता.

"ओ," मी म्हटलं. "ओ, अक्का. ओ."

कान हलला नाही. मला वाटलं, रेंज. जुनीच खोड. मग म्हटलं, "माझे कान गेलेत गं. मला तुझ्या हाका ऐकूच आल्या नाहीत. राग नाही माझा. कधीच नव्हता."

चित्र डगमगलं. छताचे पत्रे दिसले, चूल दिसली, तिचा हात दिसला. मग तिचा चेहरा, फार जवळ, नाकाखालचा नुसता. बोळकं तोंड, ओले गाल. ओठ सावकाश हलले, लहान मुलाला घास भरवताना आपणही तोंड उघडतो तसे.

जेवना का रे भाऊ?

"नाही," मी म्हटलं. "अजून नाही."