प्रसादाला गेलेली काकू

केळं घातलेल्या शिऱ्याचा वास आला की मला काशीमीऱ्याची ती दुपार आठवते. दोन हजार चार-पाच साल असेल. दारू पिऊन माझ्या काकांना टेम्पोखाली चिरडणारा गॅरेजवाला, साक्षीदार फिरल्यामुळे निर्दोष सुटला आणि त्याच आठवड्यात त्याने सत्यनारायण घातला. काकू मला म्हणाली, "चल, प्रसादाला जाऊन येऊ." मला तिच्या शांतपणाचीच भीती वाटली. आम्हाला पाहताच मंडपातली माणसं बाजूला सरकली. काकूने देवाला हात जोडले. तेवढ्यात गॅरेजवाल्याची पाच-सहा वर्षांची मुलगी शिऱ्याचा द्रोण घेऊन आली आणि काकूने तिच्या डोक्यावर हात ठेवला. गॅरेजवाला धावतच पुढे आला. "ताई, पोरीला काही बोलू नका," तो कसाबसा म्हणाला. "पोरीने काय केलंय?" काकू म्हणाली. "आणि तुझं मी देवावर सोपवलंय. त्याला साक्षीदार लागत नाही." आज हायवेवर त्या माणसाची दोन हॉटेलं आहेत. काकूने मरेपर्यंत त्याची कधी चौकशी केली नाही. मी मात्र तिथून जाताना दर वेळी मान वळवून बघते, पाट्या अजून जागेवर आहेत का.