डॅरेलने न झाडलेली गोळी

कुत्रा दिसला तेव्हा मी खड्ड्यात पाणी ओतत होते. मॉरिसव्हिलच्या बाहेर, तंबाखूच्या एका जुन्या शेताच्या कडेला. गळ्यात तुटलेली साखळी खुळखुळवत तो शेतातल्या घराच्या बाजूने सुसाट माझ्या आणि माझ्या बॉसच्या दिशेने येत होता.

ही ऐंशीच्या दशकातली, सातासमुद्रापारची गोष्ट. तिकडे तेव्हा शेतं विकून घरं बांधायची धूम चालली होती आणि मी एका छोट्या फर्ममध्ये सॉइल इंजिनीअर होते. आमचं काम पर्क टेस्टचं. गावाबाहेर ड्रेनेजची लाइन नसते, प्रत्येक घराला आपापली सेप्टिक टँक. तिचं पाणी जमिनीत जिरणार की अंगणात वर येणार, हे आधी तपासायचं. खड्डा खणा, पाणी भरा, घड्याळ लावून बसा. सासूबाई पत्रातून विचारायच्या, एवढं शिकून तू तिकडे खड्डे खणतेस का? हो, खणत होते, आणि मला ते फार आवडायचं.

माझा बॉस डॅरेल. साठीकडे झुकलेला, बोलायला अगदी कमी. कमरेला रिव्हॉल्व्हर. त्या राज्यात ते उघड बाळगायला कायद्याची आडकाठी नव्हती आणि फर्मचीही नव्हती. झाडीत विषारी साप निघायचे. मला मात्र त्या वस्तूचा मनस्वी राग होता. हा माणूस कामावर येतो की शिकारीला, असं मी घरी नवऱ्याला म्हणायचे.

त्या दिवशी मालकीणबाईंनी ऑफिसात फोन करून सांगितलं होतं, मी डॉक्टरकडे जातेय, घर बंद असेल, कुत्रा मागे बांधलेला आहे, तुम्ही तुमचं काम करा. आम्ही निर्धास्त होतो.

कुत्रा जवळ आला आणि मी काय केलं? सांगलीत लहानपणापासून जे करत आले तेच. खाली वाकले. आपल्याकडे रस्त्यावरचं कुत्रं अंगावर आलं की नुसतं वाकायचं. दगड मिळो न मिळो, ते शेपूट घालून पळतं. पण या बहाद्दराला जन्मात कुणी दगड मारला नव्हता. त्याला दिसलं ते एवढंच, की बाईने तोंड आपल्या उंचीवर आणून दिलंय. त्याने सरळ माझ्या चेहऱ्यावर झेप घेतली. दात हॅटच्या कडेला लागले, मी मागे चिखलात आपटले.

पुढच्या क्षणी डॅरेल आमच्या मध्ये उभा होता. उजव्या हातात रिव्हॉल्व्हर, नळी जमिनीकडे.

"सुधा, ऊठ. पळू नकोस. माझ्या मागे ये."

मी उठले. त्याच्या मागे सरकले. कुत्रा दात विचकून गुरगुरत होता आणि हा माणूस गोळी झाडायची सोडून बाजूला सरकत होता! एक पाऊल डावीकडे, मग आणखी एक. कुत्राही त्याच्याबरोबर वळत होता, पण घराकडची बाजू काही सोडत नव्हता. जिचा मी इतका तिरस्कार करत होते, ती गोळी आता सुटावी म्हणून मी मनात देवाचा धावा करत होते.

कुत्रा पुन्हा झेपावला. डॅरेलने रिव्हॉल्व्हर पाठीमागे नेलं आणि डावा हात पुढे केला. स्वतःहून. जाड कॅनव्हासच्या जॅकेटसकट कुत्र्याने तो कचकन पकडला. डॅरेल ओरडलासुद्धा नाही. फक्त म्हणाला, "पाणी!"

टेस्टच्या पाण्याची बादली शेजारीच होती. मी ती अख्खी कुत्र्याच्या तोंडावर ओतली. नाकात पाणी गेल्यावर त्याने हात सोडला, शिंकत मागे सरला. डॅरेलने रिव्हॉल्व्हर कमरेला खोचलं आणि फावडं उचलून मध्ये आडवं धरलं.

तेवढ्यात घराचं दार उघडलं. वॉकर ढकलत एक म्हातारी बाई बाहेर आली आणि थरथरत्या आवाजात कुत्र्याला हाका मारू लागली. मालकीणबाईच त्या. डॉक्टरांनी अपॉइंटमेंट कॅन्सल केली होती. आम्हाला कळवायचं राहून गेलं होतं. कुत्र्याने साखळी तोडल्यापासून त्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहून काच ठोकत होत्या. आम्हाला भुंकण्यापुढे काहीच ऐकू आलं नव्हतं.

मी त्या खिडकीकडे पाहिलं. ती बरोबर कुत्र्याच्या मागे, डॅरेलची गोळी गेली असती त्याच रेषेत होती.

डॅरेलच्या हाताला टाके पडले. कुत्र्याला रेबीजची लस दिलेली होती, त्यामुळे पुढचं संकट टळलं. बाई रडत म्हणत होत्या, याला मारून टाकते. डॅरेलने त्यांना समजावलं, अनोळखी माणसं अंगणात खड्डे खणताना दिसल्यावर त्याने दुसरं काय करायचं? साखळी तेवढी नवी आणा.

ऑफिसात मॅनेजर त्याच्यावर वैतागला. कायदा तुझ्या बाजूने होता, तू हात कशाला चावून घेतलास?

"मागे घर होतं," डॅरेल म्हणाला.

"पण घर रिकामं आहे असंच सगळ्यांना वाटत होतं ना?"

"वाटत होतं. मी आत जाऊन पाहिलं नव्हतं."

एवढं बोलून तो कॉफी आणायला गेला. त्या दिवसापासून त्या माणसाबद्दल मला जो आदर वाटला, तो आजही तसाच आहे. बंदुकीवरचा माझा राग गेला नाही, पण ती कुणाच्या कमरेला आहे, हे मी बघायला शिकले.

पुढे मी स्वतः बॉस झाले. ज्युनिअर्सच्या रिपोर्टात 'बहुधा' हा शब्द दिसला की मी तो परत पाठवायचे. माझ्या माघारी कुरकुर करायचे बिचारे. मी एवढंच विचारायचे, जाऊन पाहिलंस का?